तक्ता ४० अंशांवर संपतो: खान्देशातल्या एका टेकऑफचा प्रकरण अभ्यास

काही वर्षांपूर्वीचा मे महिना, दुपारचे दोन पन्नास. तापीच्या खोऱ्यातल्या एका लहान धावपट्टीवरून चार आसनी सेसना १७२ उडायला निघालं. आत तिघे होते. विमान जमिनीपासून जेमतेम माणूसभर उंच उठलं, लटपटलं, परत टेकलं आणि पट्टी संपल्यावर मुरुमावरून शेजारच्या नांगरटीत शिरलं. पुढचं चाक काळ्या मातीत रुतलं, पंख्याची पाती वाकली आणि नाक खाली घालून ते थांबलं. तिघेही दार उघडून आपापल्या पायांनी बाहेर आले. एकाच्या कोपराला खरचटलं होतं, तेही उतरताना.

पट्टीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी तेव्हा तिथे प्रशिक्षक होतो, आणि झालेल्या गोष्टीचा घरातल्या घरात आढावा घ्यायचं काम माझ्याकडे आलं. २०१७ च्या तपास नियमांप्रमाणे कळवायचं तिथे कळवलं होतं, अधिकृत चौकशी स्वतंत्रपणे झाली. हे लिखाण तिचा भाग नाही. विमान चालवणारा मुलगा माझ्यापेक्षा बराच लहान होता, परवाना व्यावसायिक, उड्डाणाचे तास चारशेच्या आसपास. निष्काळजी म्हणावा असा तो अजिबात नव्हता, आणि म्हणूनच हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं. निष्काळजी माणसाच्या गोष्टीतून शिकायला फारसं काही नसतं.

विमान सकाळी साडेसहाला दुसऱ्या पट्टीवरून आलं होतं. पुढच्या चाकाची ट्यूब हवा धरत नव्हती, ती बदलायची आणि दहाच्या आत परत निघायचं असा बेत होता. बरोबर मेकॅनिक आणि एक शिकाऊ मुलगा. ट्यूब जळगावहून येणार होती, ती आली साडेबाराला. चाक बसवून, जॅक काढून, कागदांवर सह्या होईपर्यंत दोन वाजले. मधल्या वेळात, म्हणजे सकाळी गारव्यातच, पेट्रोलचं पिंप आलं म्हणून टाक्या काठोकाठ भरून घेतल्या होत्या. ही गोष्ट तेव्हा शहाणपणाची वाटली. दुपारी तेच पेट्रोल परत काढायचं म्हणजे पंप लावा, पिंपं आणा, आणि हे सगळं उघड्या डांबरावर. कोणीच तो विषय काढला नाही.

वजन मी नंतर मांडून पाहिलं. त्या विमानाचं रिकामं वजन ७६० किलोच्या आसपास, वापरता येण्याजोगं पेट्रोल साधारण १४४ किलो, तीन माणसं मिळून २४०, हत्यारांची पेटी १० किलो. बेरीज ११५४. या मॉडेलची मर्यादा ११५७ किलो. म्हणजे मर्यादेच्या आत, पण चहाची किटली घेऊन चौथा माणूस आत डोकावला असता तरी बाहेर.

मुलाने आकडेमोड केली होती, तोंडी नव्हे, कागदावर. तो कागद माझ्याकडे आला तेव्हा त्यावर घामाचा अंगठा उमटलेला होता. विमानाच्या पुस्तकात टेकऑफचा तक्ता असतो. पट्टीची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ६५० फूट. त्या दिवशी हवेचा दाब १००२ हेक्टोपास्कल, प्रमाण दाब १०१३. हा फरक उंचीत बदलला की दाबाच्या हिशोबाने पट्टी जवळजवळ १००० फुटांवर जाते. तक्त्यातल्या १००० फुटांच्या ओळीत, ४० अंशांच्या रकान्यात जमिनीवरची धाव १२६० फूट, म्हणजे सुमारे ३८५ मीटर. आणि ५० फूट उंची गाठेपर्यंतचं एकूण अंतर २१३५ फूट, म्हणजे ६५० मीटर. कागदावर हेच दोन आकडे होते, दुसऱ्याखाली दोन रेघा मारलेल्या.

पण सावलीतल्या तापमापकात पारा ४४ वर होता. कागदावर ४० का? कारण तक्ता ४० वर संपतो. पुस्तक लिहिणाऱ्यांनी कुठेतरी थांबायला हवंच होतं, ते तिथे थांबले. आमच्या जळगाव-भुसावळकडे मेमधली दुपार तिथून पुढे सुरू होते. पानाच्या कडेला त्याने पेन्सिलीने "४४, थोडं जास्त" असं लिहिलं होतं. ते "थोडं" किती, हे मात्र मोजलेलं नव्हतं.

या "थोड्या"कडे जरा थांबून बघायला हवं. विमानाला समुद्रसपाटी कळत नाही, त्याला हवा किती दाट आहे एवढंच कळतं. १००० फुटांवर प्रमाण तापमान १३ अंश असतं. त्या दिवशी ४४ होतं, म्हणजे ३१ अंश जास्त. दर अंशाला साधारण १२० फूट या ढोबळ हिशोबाने हवेची घनता ४७०० फुटांवरच्या हवेइतकी होते. मीटरमध्ये चौदाशेच्या वर. आपल्या तोरणमाळच्या पठारापेक्षा अडीचशेहून जास्त मीटर उंच, महाबळेश्वरच्याही थोडं वर. आम्ही नदीकाठच्या केळीच्या बागांशेजारी उभे होतो आणि इंजिन महाबळेश्वरात श्वास घेत होतं. १८० अश्वशक्तीचं ते इंजिन अशा हवेत दीडशेच्या थोडं वर देऊ शकतं, आणि तेही पेट्रोल-हवेचं मिश्रण नीट असेल तर.

मिश्रणाची गोष्ट तर अशी आहे की ती ऐकून मेकॅनिक कपाळाला हात लावून बसला. हवा विरळ झाली की तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त पडतं, इंजिन ओलं ओलं चालतं, ताकद घटते. उपाय सोपा: ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल द्यायचा, मिक्श्चरची लाल मूठ हळूहळू मागे घ्यायची, इंजिनाचे फेरे सर्वाधिक होतात तिथे थांबायचं आणि इंजिन तापू नये म्हणून किंचित पुढे ढकलून ठेवायची. पुस्तकात हे ३००० फुटांवरच्या पट्ट्यांसाठी करायला सांगितलं आहे. मुलाने ती ओळ वाचली होती. त्याची पट्टी ६५० फुटांवर होती. म्हणून मूठ पूर्ण पुढे. अक्षर पाळलं, आणि तेच अंगाशी आलं. त्याला मी दोष देत नाही, कारण त्याआधीच्या आठवड्यात मी स्वतः, मे महिन्यातच, त्याच पट्टीवरून मूठ पूर्ण पुढे ठेवून दोनदा उडालो होतो. एकटा, अर्ध्या टाकीवर, सकाळी सात वाजता. त्यामुळे काही झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून काही कळलंही नाही.

आता पट्टी. एकूण लांबी ११०० मीटर, दिशा पूर्व-पश्चिम. विमानं उभी करायची जागा मधेच, पूर्वेच्या टोकापासून ३८० मीटरवर पट्टीला येऊन मिळते. वेगळा टॅक्सीचा रस्ता नाही. पश्चिमेकडे उडायचं असेल तर आधी पट्टीवरूनच उलटं पूर्वेच्या टोकापर्यंत जायचं, तिथे तोंड फिरवायचं आणि मग निघायचं. याला आम्ही बॅकट्रॅक म्हणतो. दुपारी अडीचला बंद केबिनमध्ये तिघांनी बसून मुंगीच्या चालीने ३८० मीटर जायचं, पुन्हा वळायचं, म्हणजे चार-पाच मिनिटं भट्टीत. एसी नसतो. शिकाऊ मुलाला मळमळायला लागलं होतं. वैमानिकाने कागद पाहिला: मधूनच निघालं तरी पुढे ७२० मीटर, लागणार ६५०, आणि ते ६५० सुद्धा पन्नास फूट उंचीपर्यंतचे. चाकं तर ३८५ मीटरवरच सुटणार. त्याच्या हिशोबाने पट्टी जवळजवळ दुप्पट होती. तो मधूनच पट्टीवर चढला आणि डावी-उजवी बघून पश्चिमेकडे तोंड केलं.

सकाळी वारा पश्चिमेचा होता, सहा-सात नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). मेमध्ये आमच्याकडे बहुतेक तसाच असतो. पण दुपारी दीडनंतर सातपुड्याच्या अंगाला, ईशान्येकडे, ढग बांधायला लागले होते. वळवाचे ढग. असा ढग लांब कुठेतरी कोसळायला लागला की त्याच्या पोटातली गार हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, आणि तीस-चाळीस किलोमीटरवर, जिथे थेंबही पडलेला नसतो, तिथे वारा तोंड फिरवतो. आमची विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, पट्टीच्या पश्चिम टोकाजवळ, उन्हाने नारिंगीची पिवळट झालेली. मधून बघणाऱ्याला ती धुळीच्या पडद्याआड दिसत होती, किंवा दिसत नव्हती. वैमानिक म्हणाला, "लोंबत होती सर, शांत वाटली."

पट्टीचे चौकीदार आप्पा त्या वेळी लिंबाखाली खाटेवर बसले होते. संध्याकाळी सगळं आवरल्यावर मी त्यांना सहज विचारलं की वारा कसा होता. ते म्हणाले, "फिरी गयथा ना साहेब वारा. धूय त्या अंगे जाये." धूळ पश्चिमेकडे जात होती. मग सांगितलं का नाही, असं मी विचारल्यावर ते गप्प झाले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "माले कोन इचारस?"

आढाव्यातलं हे एकच वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलं. बाकीचं सगळं माझ्या भाषेत आहे.

मागून येणाऱ्या वाऱ्याबद्दल त्याच तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप आहे: दर दोन नॉट शेपटीच्या वाऱ्याला अंतर दहा टक्क्यांनी वाढवा. समोरच्या वाऱ्याला मात्र दर नऊ नॉटला दहाच टक्के कमी करा. दोन्हींतला हा असमतोल पाठ करण्यासारखा आहे. वारा समोरचा असला तर तो चिल्लर देतो, मागून आला तर नोटा घेऊन जातो. सात नॉट धरले तर ३५ टक्के. ४४ अंशांसाठी तक्ता पुढे ओढून जमिनीवरची धाव ३९५ मीटर धरली, तर वाऱ्यासकट ती ५३५ होते. पन्नास फुटांपर्यंतचं अंतर ६७० वरून ९०० च्या पुढे. समोर ७२० मीटर. म्हणजे इंजिन उत्तम, मिश्रण अचूक, पट्टी गुळगुळीत आणि वैमानिक कसलेला असता तरी विमान पट्टीच्या टोकावर पुढच्या विजेच्या तारांइतक्या उंचीवर पोचलं नसतं.

वेगाच्या भाषेत सांगायचं तर वेगाच्या घड्याळातला काटा ५५ नॉट दाखवतो तेव्हा विमान उचलायचं. पण विरळ हवेत काटा ५५ म्हणजे खरा वेग ५९, आणि मागून सात नॉट, म्हणजे चाकांखालून जमीन ६६ नॉटने पळते. सकाळी गारव्यात सहा नॉटच्या समोरच्या वाऱ्यात तेच विमान जमिनीवर ५१ नॉटला सुटलं असतं. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, तेव्हा दुपारी त्या इंजिनाला सकाळच्या जवळपास १.७ पट काम करायचं होतं, आणि तेही कमी ताकदीत. थांबवायची वेळ आली तर ब्रेकांनाही तेवढंच जास्त.

यापुढचं मला तपासावं लागलं नाही, कारण मेकॅनिक मागच्या सीटवरून मोबाईलवर शूटिंग करत होता. घरच्यांना दाखवायला. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेन सांगता येत नाही. पट्टीच्या दोन्ही कडांना चुना लावलेले दगड आहेत, दर वीस मीटरला एक. निघाल्यापासून दगड मोजले की अंतर कळतं, आणि मेकॅनिकचा हात स्थिर असल्यामुळे दोन डोक्यांच्या मधून वेगाचं घड्याळही दिसतं.

निघताना विमान थांबलेलं नाही. वळतानाच थ्रॉटल पुढे गेला आहे. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला २२५० च्या आसपास. या विमानाचं इंजिन उभ्या उभ्या पूर्ण थ्रॉटलला किमान २३०० द्यायला हवं. ब्रेक दाबून उभं राहून बघितलं असतं तर तिथेच दिसलं असतं, पण धावायला लागल्यावर त्या काट्याकडे कोण बघतो. आवाज मात्र जड येतो आहे, भरलेल्या बैलगाडीसारखा. दहाव्या दगडापाशी कोणीतरी "गरम आहे यार" म्हणतं. अठरावा दगड जातो, म्हणजे ३६० मीटर, पुढ्यातल्या पट्टीचा मध्य. वेगाचा काटा ४० च्या खुणेला अजून टेकलेला नाही.

या अठराव्या दगडाविषयी. छोट्या विमानांच्या जगात एक ढोबळ नियम आहे: अर्ध्या पट्टीपर्यंत उचलायच्या वेगाच्या सत्तर टक्के वेग आला नसेल तर थ्रॉटल ओढा, म्हणजे इंजिनाची ताकद काढून थांबा. ५५ चे सत्तर टक्के साडेअडतीस, आपण ४० म्हणू. हा नियम परिपूर्ण नाही. तो चाकं पट्टीवर सुटतील का एवढंच सांगतो, पुढच्या तारा ओलांडाल का ते सांगत नाही, आणि वजनदार दिवशी तो पास झाला म्हणून निश्चिंत व्हावं असंही नाही. पण तो नापास झाला तर त्यात वाद उरत नाही. त्या जागी थ्रॉटल ओढला असता तर समोर ३६० मीटर कोरडं डांबर होतं. विमान सावकाश थांबलं असतं, तिघांनी शिव्या देत परत येऊन पाणी प्यायलं असतं, आणि मी हे लिहीत नसतो.

मुलाला हा नियम माहीत होता. परीक्षेत त्याने तो लिहिला असेल. मी त्याला विचारलं, अर्धी पट्टी कधी गेली ते कळलं का? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, अर्धी कशाची?" त्याचा प्रश्न रास्त होता. पट्टीचा मध्य कुठे ते नजरेला माहीत होतं, पण तो ११०० चा मध्य. मधून निघालेल्या विमानाचा मध्य आणखी १९० मीटर पुढे सरकतो, आणि तिथे एका चुन्याच्या दगडासारखाच दुसरा दगड असतो.

सव्विसाव्या दगडाच्या पुढे पट्टीचं टोक डोळ्यांत भरायला लागतं, मुरूम आणि त्यामागची काळी नांगरट दिसते, आणि हात आपोआप मागे येतो. व्हिडिओत काटा ४८ च्या आसपास. विमान उचललं जातं, कारण जमिनीला लागून, पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर, पंखांना ओढ कमी पडते. अकरा मीटर लांबीचे पंख एक-दीड मीटरवर एक प्रकारच्या उशीवर तरंगतात. त्या उशीवरून वर जायला लागणारा वेग मात्र नसतो. स्टॉलचा, म्हणजे पंख आता विमान धरणं सोडणार याचा, भोंगा वाजायला लागतो, लहान मुलाच्या पिपाणीसारखा. पंख डावीकडे झुकतो, परत सरळ होतो. एकतिसाव्या दगडापाशी वैमानिक थ्रॉटल पूर्ण ओढतो.

या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. पुढे केळीची बाग आणि तिच्या डोक्यावरून विजेच्या तारा होत्या. नाक आणखी वर करून तिकडे जायचा मोह सगळ्यांना होतो, आणि बहुतेक जीवघेण्या गोष्टी तिथे घडतात: तरंगणारं विमान उशीबाहेर ओढलं जातं, पंख धरणं सोडतात आणि ते तिरकं खाली येतं. याने उशिरा का होईना, डांबराकडे तोंड करून विमान खाली बसवलं. शंभर मीटर डांबर उरलं होतं. चाकं घासल्याचे काळे पट्टे आम्ही दुसऱ्या दिवशी मोजले. मग साठ मीटर मुरूम, आणि तिथून दुडक्या चालीने नांगरटीत तेरा मीटर.

पंख्याची दोन्ही पाती मागच्या बाजूला वळली होती. थ्रॉटल ओढलेला होता याची ती साक्ष. इंजिन जोरात असताना आदळलं तर टोकं बहुधा पुढे वळतात. पातं जमिनीला लागलं की इंजिन उघडून आतला दांडा तपासल्याशिवाय ते पुन्हा उडवायचं नसतं, बाहेरून कितीही ठणठणीत दिसो. ते इंजिन पेटीत भरून गेलं आणि विमान पावसाळा संपेपर्यंत ताडपत्रीखाली उभं राहिलं. ज्यांचं वावर होतं ते शेतकरी पहिल्या अर्ध्या तासात येऊन उभे राहिले. सगळे सुखरूप आहेत हे बघितल्यावर त्यांनी खिशातून तंबाखू काढली आणि म्हणाले, "मना वावरमा इमान! आते पेरनी करू का नको?" तोपर्यंत कोणी हसलं नव्हतं, तेव्हा सगळे हसलो.

आढाव्यात मी पाच-सहा गोष्टी सुचवल्या. बॅकट्रॅक न करता निघायचं नाही, हे सगळ्यात आधी मान्य झालं. मेमध्ये सकाळी दहानंतर भरल्या टाकीने तीन माणसं न्यायची नाहीत, यावर बरीच कुरकुर झाली आणि शेवटी "मुख्य प्रशिक्षकाच्या परवानगीने" अशी शेपटी लागून ते मंजूर झालं. या शेपटीवर माझा विश्वास नाही. फळ्यावर रोज दर तासाला घनतेची उंची, म्हणजे हवा किती फुटांवरच्या हवेइतकी विरळ आहे तो आकडा, लिहायची आणि ती ३००० फुटांच्या वर गेली की मिक्श्चर तपासूनच निघायचं, हे कोणी न सांगताही चालू राहिलं. आकडा फळ्यावर असला की माणसं तो बघतात. दुसरी विंडसॉक पूर्वेकडे लागली. पट्टीच्या मध्याला दोन्ही कडांना लाल-पांढरे रंगवलेले रॉकेलचे जुने डबे ठेवले, आत वाळू भरून. आणि आप्पांच्या खाटेशेजारी वॉकीटॉकी आली. पहिले आठ दिवस ते तो हातात धरायला तयार नव्हते. आता निघणाऱ्या प्रत्येकाला ते न विचारता वारा सांगतात, बऱ्याचदा अहिराणीत.

मेकॅनिकने तो व्हिडिओ मला दिला, त्या मुलाने दाखवायला परवानगी दिली. दर वर्षी एप्रिल संपताना मी तो नव्या मुलांना दाखवतो. आधी काहीच सांगत नाही. अठराव्या दगडावर थांबवतो आणि विचारतो, आता काय करायचं? पडद्यावर मोकळी लांब पट्टी दिसत असते, निरभ्र आभाळ, विमान सरळ धावत असतं, कुठे काही बिघडलेलं दिसत नाही. बहुतेक मुलं म्हणतात, चालू ठेवायचं. मागच्या खेपेला एकीने हात वर करून विचारलं, "सर, काटा कुठे आहे ते जरा मोठं करून दाखवता का?"